चैत्रात पेरलेला तरोटा

मी एक जुना तरोटा आहे. तुम्ही हसाल. पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळणारे झाड जुने कसे असेल? पण मित्रांनो, आमचे बी भारी चिवट असते. १९९९ च्या हिवाळ्यात दवनीवाड्याच्या अंजनाबाईंनी शेंगा झोडपून मूठभर बी फडक्यात बांधले आणि खुंटीला टांगले. कोणाला गजकर्ण झाले तर वाटून लावायचे, एवढाच हेतू. त्या बियांत मी होतो. गजकर्ण कोणालाच झाले नाही आणि मी जवळजवळ दहा वर्षे तसाच लटकत राहिलो.

काही ठिकाणी मला टाकळा म्हणतात. धानाच्या धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला, उकिरड्यावर, कोठेही आम्ही उगवतो. आमच्या पानांना उग्र वास असतो, म्हणून गुरेही तोंड लावत नाहीत. फुले मात्र पिवळीधमक! पावसाच्या सुरुवातीला आमची कोवळी भाजी घरोघरी शिजते. पाने जून झाली की तीच माणसे आम्हाला उपटून फेकतात. गरज सरो, वैद्य मरो. अंजनाबाईंचे यजमान सेवकरामबाबा तर उपटण्यात पटाईत होते.

२००९ च्या चैत्रात त्यांची मुलगी रंजिता माहेरी आली. पहिलटकरीण होती आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हते. गोंदियाच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, पण असेच चालले तर बाळाला जपणे कठीण जाईल, असेही सांगितले. अंजनाबाईंनी लेकीच्या खाटेजवळ बसून विचारले, "काय खावासा वाटते वो बाई?"

"तरोट्याची भाजी," रंजिता म्हणाली आणि कूस बदलली.

भर उन्हाळ्यात तरोटा कोठून येणार? अंजनाबाईंनी खुंटीवरचे फडके काढले आणि नवऱ्यासमोर ठेवले.

"तरोटा पेरू?" सेवकरामबाबा म्हणाले. "जनमभर मी तो उपटला!"

"उपटला, तं आता पेरा."

बाबांनी फुटक्या घमेल्यात माती आणि शेणखत भरले आणि ते मागच्या दारी सावलीत ठेवले. शेजारचे केवलराम कुंपणावरून म्हणाले, "काऊन सेवकराम, गाजरगवतबी लावून राहिला का?" बाबा माती कालवत राहिले.

न पेरता उगवणाऱ्या झाडाला काय लागते, असे समजून त्यांनी आम्हाला तसेच मातीत टाकले. आठवडा गेला, कोंब दिसेना. मी आत धडपडत होतो, पण माझी सालच इतकी टणक की पाणी आत शिरत नव्हते. शेवटी शेजारच्या पुष्पाबाई हसल्या. "अवो, ते बी दगडावानी रायते. घासल्याबिगर फुटत नाही."

मग बाबांनी ती सगळी माती बोटांनी चाळून आम्हाला एकेक करून शोधले. खरबरीत दगडावर हलक्या हाताने घासले; साल खरवडली पाहिजे, डाळ होता कामा नये. रात्रभर कोमट पाण्यात ठेवले. सकाळी फुगलेले बी बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरले, वरून ओले पोते टाकले. चार दिवसांत आम्ही वर आलो! बाबांनी पोते काढले आणि आमच्याकडे नुसते बघत राहिले. मग सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी पळसाच्या पानांचा आडोसा. सांजेला आमची पाने मिटली की ते घाबरत आणि सकाळी उघडलेली दिसली की चहा पीत.

एके सकाळी अंजनाबाईंनी माझा शेंडा खुडला. दुखले नाही, असे मी म्हणणार नाही. पण शेंडा खुडला की आम्हाला बाजूने फांद्या फुटतात. लसूण आणि लाल मिरची घालून त्यांनी भाजी परतली. जेमतेम वाटीभर झाली.

रंजिताने पहिला घास घेतला. अंजनाबाई हातात बादली घेऊन तयारच उभ्या होत्या.

"कोठून आणला जी बाबा?" रंजिताने विचारले.

"धुऱ्यावर होता," बाबा म्हणाले.

उन्हाळ्यात धुऱ्याला भेगा पडलेल्या असतात, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगावे लागत नाही. तिने बापाच्या मातीने भरलेल्या नखांकडे पाहिले. मग ताट पुढे केले. "मा, भात वाढ ना थोडा."

तो भातही पोटात ठरला. बाबा मागच्या दारी आले, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून रंजिता हळूहळू जेवू लागली.

मित्रांनो, भाजीसाठी आमचे शेंडे खुडा, पण सगळ्यांना मुळासकट उपटू नका. चार झाडे फुलू द्या, शेंगा पिकू द्या. आणि घरात कोणी जेवेनासे झाले, तर औषध द्याच, पण त्याच्याजवळ बसून काय खावेसे वाटते तेही विचारा. त्याने रानातल्या तणाचे नाव घेतले, तरी हसू नका. मागच्या दारी जाऊन पेरा.