महिना कुणाचा

विनिताने आजवर दोन प्रोग्राम लिहिले होते आणि दोन्ही घरच्यांच्याच कामी आले होते. पहिला सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, गोळ्यांच्या वेळेला घंटी वाजवायचा. दुसरा सिलिंडर अजून किती दिवस पुरेल ते सांगायचा. कौतुक भरपूर झालं. पूर्वी गोळी द्यायला पाच मिनिटं उशीर झाला तर कुणाला कळत नसे, आता घंटी अख्ख्या अयोध्या नगरला कळवू लागली. बाहेर पडायचं म्हणून शिकायचं, आणि शिकता शिकता आपल्याच हाताने आतून एकेक कडी लावायची, असा हा कारभार.

तिसरा प्रोग्राम मात्र तिने स्वतःसाठी लिहायला घेतला.

शाहपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत सुरुची नावाची मुलगी नवख्यांना चार महिने प्रोग्राम लिहायला शिकवून मग कामाला घ्यायची. जानेवारी ते एप्रिल, रोज दहा ते सहा, तिथे जाऊन. व्हिडिओ बघून बघून शिकलेल्या विनिताचे ते दोन प्रोग्राम तिने पाहिले आणि एक जागा धरून ठेवली. "दीदी, शुक्रवारी पाच बजेपर्यंत हो की ना सांगून टाका बस. वेटिंगमध्ये सहा जण आहेत." अडतिसाव्या वर्षी आपल्यासाठी कुणी जागा धरून ठेवलीय, या आनंदात विनिताच्या दोन दिवस पोळ्या करपल्या.

प्रश्न होता सासऱ्यांचा. प्रभाकरराव म्हणजे कारखान्यात तीस वर्षं ओतीव माल तपासणारे कडक इन्स्पेक्टर. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं अंग गेलं, तेव्हापासून त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. मुलं तीन. थोरली प्रमिलाताई इंदूरला, मधला विश्वास म्हणजे विनिताचा नवरा, आणि धाकटा रवींद्र नागपूरला. दिवाळीत सगळे जमले तेव्हा गुलाबजाम खाता खाता रवींद्रच म्हणाला होता, "वहिनी, सगळं तुमच्यावरच पडतं. तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना? करा एक लिस्ट. कुणाचा महिना कधी ते ठरवा, आम्ही डोळे झाकून पाळू." ज्याचा महिना त्याने बाबांना घरी न्यायचं, नाहीतर इथे दिवसभराच्या माणसाची सोय करायची, असंही ठरलं. प्रमिलाताईंनी मान डोलावली. विनिताने ते खरं मानलं. जेवताना बोललेलं कुणी खरं मानतं का? पण तिने मानलं.

प्रोग्राम साधाच होता. तिन्ही भावंडांना एकेक फॉर्म पाठवायचा. ज्या महिन्यात जमणार नाही त्यावर खूण करायची, शेजारी अडचण लिहायची. उरलेले महिने प्रोग्राम सारखे वाटून देणार. तपासून बघायला म्हणून विनिताने सगळ्या महिन्यांवर खुणा करून पाहिल्या, तर कुणाचंच नाव न सापडल्याने तो लाल अक्षरं टाकून थांबला. व्हिडिओतल्या मास्तरांनी सांगितलं होतं की अशा वेळी एक नाव आधीच देऊन ठेवावं, म्हणजे प्रोग्राम अडत नाही. कुकरची तिसरी शिट्टी होत होती. तिने घाईघाईत स्वतःचं नाव टाकलं आणि तात्पुरतं आहे म्हणून उठली.

शुक्रवारी दुपारी अडीचला शेवटचा फॉर्म आला आणि तिने प्रोग्राम चालवला. जानेवारी, विनिता. फेब्रुवारी, विनिता. मार्च, विनिता. बाराही महिने एकाखाली एक तिचंच नाव.

काहीतरी चुकलंय, असं समजून ती दीड तास चूक शोधत बसली. एकेक ओळ वाचली, कंस मोजले. चूक सापडेना. शेवटी तिने फॉर्मच उघडले. रवींद्रने मार्चपर्यंत मुलीची दहावी लिहिली होती आणि पुढे डिसेंबरपर्यंत नव्या फ्लॅटचं काम. प्रमिलाताईंनी बाराही ठिकाणी "नक्की नाही, नंतर सांगते" लिहिलं होतं. विश्वासने सगळ्या महिन्यांवर खुणा करून खाली एकच ओळ टाकली होती: विनिता आहे ना.

प्रोग्राम अगदी बरोबर चालला होता. विनिताला रडू फुटलं.

बाबांची कॉट तिच्या टेबलाजवळच होती. "दाखव," ते जड जिभेने म्हणाले. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग तिन्ही फॉर्म वाचले.

"तुझा फॉर्म?"

"माझा नाही केला, बाबा."

"का?"

ज्यांना नाही म्हणता येतं अशा सगळ्यांचे फॉर्म तिने केले होते, आणि आपला राहिला हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

कॉटच्या कडेला बसून तिथेच तिने चौथा फॉर्म केला. जानेवारी ते एप्रिलवर खुणा केल्या आणि अडचण लिहिली: शाहपुऱ्याला शिकायला जाणार आहे. मग त्या तात्पुरत्या ओळीतलं स्वतःचं नाव खोडून तिथे "कुणी नाही" लिहिलं. वर्षाचे आठ महिने अजून तिच्याच नावावर आले, तरी आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं. ती यादी तिने घरच्या ग्रुपवर टाकली.

रवींद्रचं लगेच आलं: "वहिनी, पहिल्या चार महिन्यांत एरर येतेय. बाकी परफेक्ट." त्यावर प्रमिलाताईंचा अंगठा. पाठोपाठ दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेलेल्या विश्वासचा फोन.

"अगं, बिघडलंय ते. नीट करून परत टाक."

"बिघडलेलं नाही."

"मग कुणी नाही म्हणजे काय? तू कुठे चाललीस?"

"तीनदा सांगितलं तुला. शाहपुऱ्याला."

"ते होय," विश्वास म्हणाला, आणि तो खरोखरच चकित झालेला होता. "ते तू सहज बोलतेस असं वाटलं मला. बरं, घरी आल्यावर बघू."

घरी आल्यावर म्हणजे रात्री अकराला. घड्याळात पाचला दहा कमी होते. एक शब्द बदलला की घर पूर्ववत होणार होतं, आणि तो कुठला हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं बोट त्या ओळीवर गेलंही.

"माल नापास असला," बाबा छताकडे बघत म्हणाले, "की मी नापासच लिहायचो. वरून फोन यायचे. काम थांबेल म्हणायचे."

"मग?"

"थांबायचं. मग यायचं कुणीतरी."

"आणि नाही आलं तर, बाबा? जानेवारीत तुम्ही..."

बाबांनाही भीती वाटत होती, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. उजव्या हाताने मात्र त्यांनी लॅपटॉप हळूच तिच्याकडे सरकवला.

पाचला दोन मिनिटं असताना विनिताने सुरुचीला हो कळवलं. यादीला हात लावला नाही.

पाचला घंटी वाजली. जानेवारीला सतरा दिवस होते, पहिल्या चार महिन्यांसमोर अजून कुणाचंच नाव नव्हतं, आणि पाचची गोळी द्यायला घरात तीच होती. ती पाणी आणायला उठली.