मोडलो मी, बोल लागला तिला

मी स्टूल बोलतोय. पुंडलिकनगरातल्या साडीच्या दुकानातलं लाकडी स्टूल. सध्या मुक्काम दुकानाच्या गच्चीवर, आडवा. घाई मला कधीच नव्हती, आता तर नायच नाय. म्हणून सावकाश सांगतो.

कन्नड गावच्या कडूबा सुतारानं मला घडवलं. बाजारच्या दिवशी श्रीधरशेठनं मला जीपच्या टपावर टाकून इथं आणलं. दुकानात माझी कामं दोन. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बसायला देणं, आणि वरच्या फळीवरचा माल काढताना कामावरच्या बायकांना चढू देणं. बायका चढायच्या, पण बसायच्या नाय. शेठचा नियमच होता. बाई बसलेली दिसली की दुकान सुस्त वाटतं म्हणे. हे शेठ लोडाला टेकून सांगायचे.

त्यातली दमयंती दुकानात चौदा वर्षं कामाला. अंगानं भरलेली, दोन बाळंतपणं झालेली. पैठणी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "ताई, आमच्यासारखीला कशी दिसंल ते तुमच्याकडं बघून कळतं बघा." अन् साडी घेऊन जायच्या. संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. मला धरून ती एक पाय उचलायची, मग दुसरा.

मग शेठचा मुलगा हिमांशू दुकान बघायला लागला. त्याला मोबाईलवर साड्यांचे व्हिडिओ टाकायचे होते.

"ताई, तुम्ही वरच्या फळ्या सांभाळा. पुढं श्रेया उभी राहील."

"का हो दादा? माझ्या हातून माल खपत नाय का?"

"खपतो ओ. पण व्हिडिओत सगळं अंगच दिसतं, साडी दिसत नाय. जरा बारीक व्हा, मग घेतो पुढं."

श्रेया बावीस वर्षांची, वेतासारखी. ती दमयंतीच्या कानाशी लागली, "ताई, मला बी सकाळपासून पाण्यावर ठेवलंय. पोट दिसतं म्हणतो."

दमयंतीला तिची जागा परत पाहिजे होती. तिनं डबा आणणं बंद केलं. कोणी विचारलं की म्हणायची, "उपास आहे." सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. सगळे देव तिनं एकदम धरले. देवांनी काय मागितलं नव्हतं. दिवसातून वीसदा ती माझ्यावर चढायची, त्यामुळं तिचं अंग किती उतरत चाललंय ते आरशाआधी मला कळायचं.

तीन महिने असे गेले. दिवाळीच्या गर्दीत ती चढली, वरचा गठ्ठा ओढला, अन् माझा पाय मोडला. दोघंही खाली.

खरं सांगतो. तीन पाय बाभळीचे, हा चौथा आंब्याचा. बाभूळ पुरली नाय म्हणून कडूबानं लावलेला, वरून एकसारखा रंग मारलेला. आतून भुंग्यानं पार पोखरला होता. मोडला तसं नुसतं पीठ सांडलं. त्या दिवशी एखादं लेकरू चढलं असतं तरी मोडलाच असता.

पण वाकून बघतो कोण? हिमांशू गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ताई, स्टूल तरी सोडायचं होतं!"

दुकान हसलं. ज्यांना ती साडी खांद्यावर टाकून दाखवायची, त्या बायका बी हसल्या. तेवढं मला लई लागलं. एकटी श्रेया हसली नाय. तिनं हात देऊन दमयंतीला उठवलं.

दुसऱ्या दिवशी दमयंतीच मला गच्चीवर टाकायला आली. मोडका पाय तिच्या हातात होता, भोकं डोळ्यांसमोर होती. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. म्हणाली, "माफ कर बाबा. माझ्या वजनानं मोडलास."

मी लाकूड. काय बोलणार?

आता ती मागच्या खोलीत घड्या घालते. पुढं तिला कोणी बोलवत नाय, अन् डबा अजून येत नाय. माझं काय, एखाद्या थंडीत शेकोटीला जाईन. लाकडाचा शेवट तोच असतो, त्याचं दुःख नाय. पण तुम्हाला तोंड आहे. त्या दुकानात गेलात तर मागच्या खोलीत डोकावा, अन् तिला एवढंच सांगा. पाय किडका होता, बाई. तू जेव.