वर्षाच्या आत

न्हावऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारे शंभू कोकरे सर वादात हरत नाहीत, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. एसटीच्या थांब्यावर कुणी सांगू लागलं, की गाडीला लिंबू-मिरची बांधली तेव्हापासून एकदाही पडलो नाही, तर सर हसून विचारत, "आणि न बांधणारे रोज पडतात का?" समोरचा ओशाळा होई, ऐकणारे हसत, आणि सरांचा दिवस चांगला जाई. त्यांची बायको प्रतिभा मात्र म्हणायची, की परक्यांशी भांडायला तुमचं तर्कशास्त्र फार उपयोगी पडतं. त्यातली खोच सरांना कधी बोचली नव्हती.

मार्गशीर्षातला साधा दिवस होता. बाहेर उसाचे ट्रॅक्टर घरघरत चालले होते आणि बारावीच्या वर्गात तर्कदोषांचा धडा रंगात आला होता. घरीदारी ऐकलेली एखादी चुकीची दलील घेऊन या, असं सरांनी मुलांना सांगून ठेवलं होतं. एकाचे वडील म्हणाले होते, सगळ्या गावानं कांदा लावलाय, म्हणजे कांद्याला भाव येणारच. सर म्हणाले, "हा गर्दीचा आधार. सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही." एकीच्या आजीला डॉक्टरांनी मिसरी सोडायला सांगितली, तर आजीनं त्यांनाच सुनावलं, की आधी तुमचं पोट कमी करा. वर्ग खदखदून हसला. सर म्हणाले, "मुद्दा सोडून माणसावर घसरणं. आपल्याकडे याचं पीक बारमाही."

मग धनश्री उभी राहिली. ती सरांच्या थोरल्या भावाची, मल्हारीची मुलगी. वडगाव रासाईहून एसटीनं यायची. घरी ती सरांना नाना म्हणे, वर्गात सर.

"सर, आमचे आबा वारले. घरातलं मोठं माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबायचं, आसं घरी म्हणत्यात. म्हणून माझं ह्याच महिन्यात करायचं चाललंय. ह्यो कोणता दोष?"

वर्गात कुणी हसलं नाही. ही रीत प्रत्येकाच्या घरातली होती. तिला कुणी दलील म्हणून तपासलंच नव्हतं. सरांच्या ओठावर उत्तर तयार होतं. दोनच वाटा दाखवायच्या आणि तिसरी झाकून ठेवायची, हा दोष ते दर वर्षी मोठ्या हौसेनं शिकवत. ते उत्तर त्यांनी गिळलं.

"घरातल्या गोष्टी वर्गात आणायच्या नसतात. बस खाली."

घरातलीच गोष्ट आणा, असं त्यांनीच सांगितलं होतं. हे सगळ्या वर्गाला आठवत होतं, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. फळ्याकडे तोंड करून ते उगाच काहीतरी लिहीत राहिले. दौंडच्या स्थळाबद्दल मल्हारीचा फोन त्यांना आधीच आला होता. धनश्रीला सतरावं चालू होतं, हे त्यांना ठाऊक होतं. कायदाही ठाऊक होता. तरी फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "बघू."

रविवारी मल्हारीनं त्यांना वस्तीवर बोलावून घेतलं. भीमेच्या काठचं हे घर त्यांच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकून बांधलेलं. कोकरे घराण्याच्या भटकंतीला तिथंच मुक्काम मिळाला. ओट्यावर सरांची आई गिताबाई पावटा सोलत बसली होती. वहिनी, अनिता, चहा ठेवून दाराआड उभी राहिली. तिला बोलायचं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. मल्हारीनं सगळं मांडलं. मुलगा दौंडचा, कंपनीत पर्मनंट, घर पक्कं, माणसं आपल्यातली. आबांचं वर्ष माघात भरतं, पौषात लग्नं होत नाहीत, म्हणजे मार्गशीर्षातच अक्षता पडायला हव्यात.

पोरीला अजून अठरा पूर्ण नाहीत, असं सरांनी हलकेच काढून पाहिलं. त्यावर गिताबाई म्हणाली, मला बाराव्या वर्षी दिली, माझं काय वाकडं झालं? सरांच्या मनात आलं, की एक बाई निभावली म्हणून सगळ्याच निभावतील असं होत नाही. आईनं तान्ही दोन मुलं पुरली होती, हेही त्यांना आठवलं. मल्हारीनं पलीकडच्या वस्तीवरच्या मुलीचं उदाहरण दिलं. ती कॉलेजात गेली आणि मग पळून गेली, म्हणजे कॉलेजनंच बिघडली. सरांनी याही दोषाचं नाव मनात उच्चारलं. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही, की एकेक दोष ओळखताना त्यांना आतून थोडं बरंही वाटत होतं. पेपर सोपा गेल्यासारखं.

मग मल्हारीचा आवाज खाली आला.

"तुला पोरगी न्हाई शंभू, तुला ह्यातलं काय कळायचं? आन् मी मेंढरांमागं फिरलो म्हणून तू मास्तर झालास. आजपातुर कवा काय मागितलं तुझ्याकडं?"

हे खरं होतं. चौथीतून मल्हारीची शाळा सुटली ती धाकट्याची चालू राहावी म्हणून. फक्त त्याचा धनश्रीच्या लग्नाशी काही संबंध नव्हता. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. सर चहाच्या कपात बघत बसले.

"पोरगी आडून बसलीय," मल्हारी म्हणाला. "ती निस्तं तुझं ऐकती. तू समजाव तिला."

आणि सर उठले.

धनश्री गोठ्यात शेळ्यांना घास टाकत होती. सरांनी आवाज मऊ केला आणि वर्गातली शुद्ध भाषा काढली. वस्तीवर ते एरवी तसं बोलत नसत. मुलगा चांगला आहे, दौंडलाही कॉलेज आहे, आणि प्रत्येक मुलीला एक दिवस जावंच लागतं, असं ते म्हणाले.

"ह्यो गर्दीचा आधार," धनश्री म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी, नानांकडे आशेनं बघत ती उत्तर देत होती. आता नाना शाबास म्हणतील आणि आत जाऊन आप्पांना, तिच्या वडिलांना, सांगतील, असं तिला वाटत असावं.

आजी थकली आहे, तिला डोळ्यांदेखत तुझं लग्न बघायचंय, सर म्हणाले.

"आजीची मला दया येती, नाना. पण दया आली म्हणून लग्न करावं, आसं त्यातनं निघत न्हाई."

हे लग्न मोडलं तर तुझ्या बापाची मान खाली जाईल, उद्या तुझ्या धाकट्या बहिणीला, प्रगतीला, कुणी दारात उभं करणार नाही, घराचं नाव बुडेल, असं सर सांगत गेले.

"एकातनं दुसरं, दुसऱ्यातनं तिसरं. मधी काय व्हतं, ते कुणी दाखवलंच न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

तिचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. वर्गात सरांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. इथं वडीलभावाचा शब्द पाळायचा होता आणि हातात एकही खरं कारण उरलं नव्हतं, तेव्हा ते ओरडले.

"चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना शिकवतीस? वय काय तुझं? अक्कल किती?"

शेळ्या दचकून मागं सरल्या. याही दोषाचं नाव धनश्रीला ठाऊक होतं, पण ते तिनं घेतलं नाही.

"नाना, मग हे सगळं पेपरापुरतंच असतं व्हय?"

सर गोठ्यातून बाहेर पडले. ओट्यावर येऊन त्यांनी मल्हारीला सांगितलं, "समजावलंय. गप्प आहे ती." मल्हारीनं त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि सरांनी तो घेऊ दिला. घरी आल्यावर प्रतिभानं सगळं ऐकून घेतलं. पोरीच्या बाजूनं आपण बोलायला पाहिजे होतं, एवढं म्हणून तिनं विचारलं, "मग, जिंकलात का?" त्या रात्री ते जेवले नाहीत. पण न जेवल्यानं कुणाचं लग्न थांबत नाही, हे त्यांच्यासारख्याला कुणी सांगायला नको होतं.

चार दिवसांनी दौंडची मंडळी सुपारी फोडायला आली. अंगणात सतरंज्या पडल्या, नारळ-सुपारीचं ताट मधोमध ठेवलं गेलं. दाराच्या आत धनश्री आईची साडी नेसून उभी होती. साडी तिला मोठी होत होती. अनितानं ती जागोजागी पिना लावून बसवली होती. मुलाचे आजोबा आनंदराव वयस्कर आणि सावकाश बोलणारे गृहस्थ होते. सुपारीला हात लावण्याआधी ते थांबले.

"पोरीला इचारलंय न्हवं?"

"तिच्या चुलत्यानं इचारलंय," मल्हारी अभिमानानं म्हणाला. "ह्ये काय, मास्तर हाईत. तर्कशास्त्र शिकवत्यात."

"मग सांगा मास्तर. राजी हाय का पोरगी?"

सगळ्यांचे डोळे सरांकडे लागले. हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं, आणि मल्हारी तेवढ्याचीच वाट बघत होता. सरांनी दाराकडे पाहिलं. धनश्री त्यांच्याकडे बघतच नव्हती. नानांकडून तिची काही अपेक्षाच उरली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि एवढी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती. त्यांच्या तोंडची कॉलेजातली भाषा गळून पडली.

"न्हाई. ती राजी न्हाई. तिनं तिचं म्हणणं मला नीट सांगितलं, आन् माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी तिच्यावर वरडलो. मी गप्प केलीय तिला. आन् तिला अठरा पुरी न्हाईत."

आनंदरावांनी मल्हारीकडे पाहिलं. "आम्हाला तर अठरा झाली म्हणून सांगितलं व्हतं," एवढंच ते म्हणाले. ताटातली सुपारी उचलून त्यांनी पिशवीत टाकली आणि आपल्या माणसांना उठवलं. जीप निघून गेली.

मल्हारीनं भावाच्या अंगावर हात टाकला नाही. टाकला असता तर सरांना सोपं गेलं असतं. तो सतरंजी गोळा करत म्हणाला, "झालं. आता तीन वर्षं." गिताबाईनं कपाळाला हात लावला. आता पौष, मग माघात वर्ष भरणार; त्यानंतर तीन वर्षं या घरात अक्षता पडायच्या नाहीत. म्हणजे ज्या रितीनं धनश्रीला घाईनं ढकललं होतं, तीच रीत आता तिला विसाव्या वर्षापर्यंत राखणार होती. सरांचं म्हणणं तिथं एकालाही पटलं नव्हतं. रीत जशी होती तशीच उभी होती, फक्त तिची दुसरी बाजू वर आली होती. मल्हारी त्या दिवसापासून धाकट्याशी बोलेनासा झाला.

निघताना धनश्री गोठ्यापाशी भेटली. पोरगी आता तरी हसेल, असं सरांना उगाच वाटलं. सुटलीस बघ, ते म्हणाले.

"नाना, त्या म्हाताऱ्या बाबांनी इचारलं न्हसतं तर?"

गाडीला किक मारून ते न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. सगळ्या वाटेनं ते आपल्या बाजूनं काही सापडतं का ते शोधत होते, आणि जे जे सापडे त्यातला दोष त्यांना तिथल्या तिथं दिसत होता.

माघ सरत आला तेव्हा त्यांच्याच वर्गातल्या सुलक्षणाची आजी केंदूरला वारली. सुलक्षणाही धनश्रीच्याच वयाची. दशक्रियेला सर गेले. नदीकाठी मांडव होता, कावळा शिवला होता, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे एकामागून एक माणसं माइकवर येऊन श्रद्धांजली वाहत होती. आजी किती कष्टाळू होत्या, किती देवभोळ्या होत्या, हे सांगून झालं. शेवटी गावातले वजनदार कारभारी मारुतराव उठले. दुःख गिळून घराला पुढं जावंच लागतं, असं म्हणून त्यांनी सुचवलं, की घरात लग्नाची नात आहे, तेव्हा वर्षाच्या आत कार्य उरकून घ्यावं, आजींच्या आत्म्याला तेवढीच शांती. मांडवातल्या माना डोलल्या. बायकांत बसलेल्या सुलक्षणानं ओढणी तोंडाशी घेतली.

सर मागच्या रांगेत होते. बोलणाऱ्यांत त्यांचं नाव नव्हतं. सुलक्षणा सोडली तर त्यांना इथं कुणी ओळखतही नव्हतं, आणि परक्या घरच्या सुतकात तोंड घालणाऱ्याबद्दल गाव काय म्हणतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मल्हारीसारखी आणखी किती माणसं बोलायची बंद होतील, याचाही हिशेब त्यांच्या मनात होऊन गेला. मग ते माणसांतून वाट काढत पुढं गेले आणि मारुतरावांच्या हातून त्यांनी माइक घेतला.

"मी शंभू कोकरे," ते म्हणाले. "माझ्या पुतणीला मी गप्प कसं केलं, ते सांगायला उभा राहिलोय."

या वेळी त्यांना कुणीही विचारलं नव्हतं.