आखाजीला पेटीबाहेर आलेला हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. तोंडापुढे माइकची दांडी, उजव्या कानाला चिकटपट्टी आणि अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास. नाकं मुरडू नका, त्या गोळ्या मी मागवल्या नव्हत्या. माझी कहाणी ऐकून 'अरेरे, बिचारा' करायचं असेल, तर तेही आत्ताच उरकून घ्या. मला अरेरे करणाऱ्यांचा भारी वैताग आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं धुळ्यातल्या एका दुकानात. तिथे दिपमाला आली. सावद्याच्या केळीवाल्या घरातली पोर, धुळ्यातल्या देवपुरात वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकणारी. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने माझ्यासाठी पैसे साठवले होते. दुकानदार म्हणाला, "भावासाठी का, ताई?"

"माझ्यासाठी. गेम खेळायला."

"मग हा गुलाबी घ्या ना. गाणी छान वाजतात."

दिपमालाने गुलाबीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाच्या काचेच्या कपाटातून सुटलो, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं सुख.

वसतिगृहाच्या त्या खोलीत मी रमलो. भिंतीवर ड्रॅगनची चित्रं, उशाशी जपानी चित्रकथा, टेबलावर तिने स्वतः रंगवलेले बोटाएवढे योद्धे. दिपमाला, तिची मैत्रीण रूपा आणि आणखी दोघी मिळून त्यांची टीम होती. नाव केळफूल. चौघींनी एक किल्ला राखायचा आणि शत्रू आत शिरू द्यायचा नाही, असा तो खेळ. यात दिपमालाचं काम ऐकण्याचं. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात, पण सगळ्यांना नाही. मी तिच्या कानात पावलं घालायचो आणि ती माइकमध्ये सांगायची, "जिन्यावर एक. डावीकडे दोन, रांगत येतायत." रूपा नेम धरायची आणि काम फत्ते. रूपा अस्सल धुळ्याची. ती म्हणायची, "दिपे, तुना कान सोन्याना शेत व!" म्हणजे तुझे कान सोन्याचे आहेत. कान तिचे आणि सोनं मी, असं मी मनात समजून घ्यायचो.

आता ज्यांच्याशी लढायचो त्या पोरट्यांविषयी सांगतो. समोरच्या टीममध्ये बहुतेक वेळा मुलं असायची. दिपमालाचा आवाज आला रे आला, की त्यांच्यातला एखादा ओरडायचा, "अरे, पोरगी आहे रे! वहिनी, चहा टाका!" मग सगळे खिदळायचे. हे सगळं माझ्यातून तिच्या कानात जायचं, याची मला किळस यायची. स्वतःच्या घरात पाण्याचा पेला न उचलणारे हे वीर! दिपमाला त्यांना उत्तर देत नसे. ती पावलं ऐकायची. थोड्या वेळाने ते वीर किल्ल्याच्या पायऱ्यांवर आडवे पडलेले असत आणि मग म्हणत, "नेट स्लो होतं." दर वेळी त्यांचं नेटच स्लो असायचं.

अशी माझी चांगली वर्षं गेली. मग दिपमालाचं लग्न ठरलं.

तिचे वडील नाहीत. घरचा कारभार काकांकडे. त्यांचं नाव रुपचंद, पण सगळे त्यांना नाना म्हणतात. सावद्याच्या घरी बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, पोरीला आवड कसली? नाना छातीवर हात ठेवून म्हणाले, "भरतकामाची! हातात सुई घेतली की पोरीले जेवणाचं भान राहत नाही." दिपमालाने जन्मात सुई धरलेली नव्हती. मी आतल्या खोलीत खुंटीवर लटकून हे ऐकत होतो. आईने, म्हणजे प्रमिलाबाईंनी, डोळ्यांनीच पोरीला गप्प केलं. नवरा मुलगा कुंदन देवपुरातच राहणारा, बँकेत नोकरीला, बरा दिसणारा. त्याने मान डोलावली. त्याला भरतकामातलं काय कळतंय!

लग्नाआधी प्रमिलाबाईंनी मला नऊवारी लुगड्यांच्या पेटीत ठेवलं. "सासरी हसतील वो माय," म्हणाल्या. आणि मला कसर लागू नये म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही कानांत डांबराच्या गोळ्या घातल्या. मित्रांनो, प्लॅस्टिकला कसर लागत नाही. पण त्या माउलीने जे जपलं ते लुगड्यासारखंच जपलं, म्हणून तिच्यावर मला रागावता येत नाही. बाकीच्यांवर येतं, आणि मनसोक्त येतं.

पेटीत वर्ष गेलं. मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात सासुरवाशिणींची सुट्टी. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. त्या दिवसांत माहेरच्या लेकीला कुणी काम सांगत नाही, झोक्यावरून उतर म्हणत नाही. आणि पुरुष? पुरुष पत्ते खेळतात. लिंबाखाली सतरंजी टाकून, पैसे लावून, दिवसचे दिवस. त्याला कुणी नाद म्हणत नाही, त्याला रीत म्हणतात.

दिपमाला घरी आली आणि रूपाचा फोन आला. केळफूल मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली होती, पण दिपमालाच्या जागी खेळणारी मुलगी आजारी पडली. सामना आखाजीच्याच दुपारी. चौथी मिळाली नाही तर टीम बाद. दिपमालाने पेटी उघडली. मी उजेडात आलो तेव्हा माझ्या गाद्यांचे पापुद्रे गळत होते. प्रमिलाबाईंनी ब्लाउजपीसचा तुकडा घेतला आणि माझ्या दोन्ही कानांना हिरवी खोळ शिवली.

"हा एकच सामना, आई," दिपमाला म्हणाली. "मग ठेव परत पेटीत."

 हे ऐकून मला पहिल्यांदा तिचाही राग आला. किल्ला राखणारी ही, आणि स्वतःहून पेटीचं नाव घेते!

दुपारी माझी वायर तिच्या लॅपटॉपला जोडली गेली, सामना सुरू झाला आणि तेवढ्यात कुंदन तिला न्यायला आला. नानांनी त्याला रस-पोळी खाऊ घातली आणि "एकच डाव" म्हणत सतरंजीवर बसवलं. वर लिंबाखालून आवाज दिला, "प्रमिला, जावाई आले वो! पोरीले सांग चहा ठेवाले!"

प्रमिलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "ते खेळून राह्यली."

"खेळून? एवढी घोडी झाली अन् खेळते? खेळ काय बायामाणसाचं काम हाये का?" हे बोलताना नानांच्या हातात तेरा पानं होती.

दिपमालाने माझा एक कान सरकवला आणि खिडकीतून ओरडली, "आखाजी आहे, नाना! आज लेकीला झोक्यावरून उतरवत नाहीत!"

 आखाजीची रीत मोडायची तर पत्तेवाल्यांनाही सतरंजीवरून उठावं लागलं असतं. कुणीतरी पत्ते पिसायला घेतले. कुंदनचा एक डाव काही संपला नाही, आणि चहा शेवटी शेजारच्या पुनाने ठेवला, जो स्वतः डाव हरून मोकळा झाला होता.

इकडे केळफूल मागे पडली होती. रूपा हताश होऊन म्हणाली, "दिपे, काही ऐकू येस का?"

दिपमालाने डोळे मिटले. मी जुना, एका कानाने अधू, डांबराने घुसमटलेला, पण जीव तोडून ऐकत राहिलो. आणि ती आली, पावलं. "मागच्या भिंतीवर! तिघे! रूपा, आत्ता!"

केळफूल जिंकली. माझ्यात चौघींच्या किंकाळ्या अशा घुसल्या की माझी चिकटपट्टी सुटली.

डाव सोडून आलेला कुंदन दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. "मला वाटलं तू कुणाशी भांडतेयस," तो म्हणाला. "हे तू खेळतेस?"

"खेळते. भरतकाम मला येत नाही."

तो हसला. "भारी खेळतेस गं." ऐकून मी जरा विरघळलो. पण लगेच आवाज खाली आणून तो म्हणाला, "फक्त आईसमोर नको हं. आणि हे इथेच राहू दे. उगाच लोक हसतात."

वा रे पठ्ठ्या! कौतुक खोलीत, आणि लाज गावभर. त्यापेक्षा ती नेट स्लोवाली पोरटी बरी.

प्रमिलाबाई पेटीचं झाकण धरून उभ्या होत्या. दिपमाला आईजवळ गेली, मला हातात तोलून पाहिलं आणि मोकळ्या हाताने झाकण खाली लावून टाकलं. मग मला डोक्यावर चढवून ती सासरी न्यायच्या गोड सांजोऱ्यांची पिशवी उचलून अंगणात आली.

मित्रांनो, अशा वेळी आमच्या जातीच्या वस्तूंनी तुम्हाला विनवायचं असतं. वायर मुडपू नका, गाद्या पुसा, वगैरे. ते कराच. पण एखादीच्या कानांत दुसऱ्यांनी घातलेल्या गोळ्या काढता येत नसतील, तर मला पुसायचे कष्टही घेऊ नका.

लिंबाखालून नाना ओरडले, "हे काय घालून चालली? काढ ते! लोक काय म्हणतील?" कुंदनही मागून म्हणाला, "अगं, निदान पिशवीत तरी टाक."

दिपमाला वळली, गोड हसली आणि हिरव्या खोळींवर बोटं ठेवून म्हणाली, "काय म्हणालात? मला काही ऐकू येत नाही."

आणि ती चालू लागली. माझी वायर तिच्या कमरेपाशी मोकळी लोंबत होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.