शोधाचे कारण

मेरीलँडमधल्या एका बिनखिडक्यांच्या सरकारी इमारतीत अर्लीन सतरा वर्षं परदेशातून येणारे फोन ऐकत होती. देशसेवा म्हणे! दाराशी स्वतःचा मोबाइल कपाटात कुलूपबंद करायचा आणि आत बसून दिवसभर जगाच्या मोबाइलला कान लावायचा. लाज कोळून प्यायल्याशिवाय असली नोकरी होत नाही.

तिचा बाप ऑरिन हे तिला तोंडावर बोलला होता. ट्रक चालवून निवृत्त झालेला हा फटकळ म्हातारा मेक्सिकोत एका तळ्याकाठी राहायला गेला होता. "लोकांच्या दाराला कान लावायला शिकवलं होतं का गं मी तुला?" एवढंच म्हणाला, तर बाईसाहेबांनी दोन वर्षं अबोला धरला. त्याने मोबाइलवर ठेवलेले निरोप ती न ऐकताच डिलीट करायची.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तिने तसाच एक डिलीट केला. घरी पोचते तोच मेक्सिकोहून बापाच्या शेजारणीचा फोन आला. ऑरिन दुपारी गेला होता.

अर्लीनने घाईघाईने निरोपांची यादी उघडली. मोबाइलवर आता काही उरलं नव्हतं. पण तो निरोप आणखी कुठे असणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

बुधवारी कामावर तिने आपल्या साहेबाला, मर्लला, गाठलं आणि तो निरोप शोधायची परवानगी मागितली.

"घरच्यांचं शोधायचं नाही. नोकरी जाईल तुझी."

"अरे मर्ल, बाप होता तो माझा!"

"म्हणूनच. परका असता तर खुशाल ऐकला असतास. आणि रडतेस कशाला? आपल्याकडे काही हरवत नाही."

तो जेवायला गेला तसा अर्लीनने कामाच्या संगणकात बापाचा नंबर टाकला. पडद्यावर चौकट आली: शोधाचे कारण. खाली यादी: दहशतवाद, हेरगिरी, तस्करी. लेकीला बापाचं बोलणं ऐकायचं असेल, तर त्यासाठी त्या दीडशहाण्यांनी एक ओळही ठेवली नव्हती. सतरा वर्षांत तिलाही ती यादी कधी अपुरी वाटली नव्हती. जन्मभर इमानाने ट्रक हाकलेल्या बापाला तिने आपल्या हाताने तस्कर ठरवलं.

"अर्लीन, छातीत दुखतंय गं," बापाचा आवाज आला. "तू हे डिलीट करणार, माहितेय मला. म्हणून तुझ्या दोस्तांनाच सांगतो. काय रे चोंबड्यांनो, ऐकताय ना? माझ्या पोरीला सांगा, मी रागावलेलो नाही. आणि कोणीतरी डॉक्टर पाठवा."

खाली नोंद होती: मंगळवार, सकाळी नऊ चाळीस. ऐकले. कामाचे नाही. मर्ल.