सगळ्यांच्या मोटारी ऑटोवर

तिसगावात आमचं इंटरनेटचं काम. खांबावर चढायला आमचे हे, अन् गिऱ्हाइकांच्या शिव्या खायला मी. कृपानं मात्र शिव्या दिल्या नाहीत, ती रडली. ती घरूनच कॉल सेंटरचं काम करायची. कंपनीनं बजावलं होतं, सोमवारच्या शिफ्टला लाइन एकदा जरी तुटली तर पुण्याला येऊन बसा. नवरा ट्रकवर, पोरगं नॅथन दीड वर्षाचं.

"ज्ञानेश्वरीताई, नॅथनला सोडून कशी जाऊ?"

"कुठं जात न्हाईस तू," मी म्हणाले. बोलून तर बसले!

तिच्या वस्तीची नेटची पेटी वैजनाथभाऊंच्या घरात. लाइट गेली तरी चार तास चालावी म्हणून मी हिशोब करून मोठी बॅटरी बसवली होती. तरी लाइट गेली की जरा वेळानं पेटी गार! दुकानदाराचा मी उद्धार केला. त्यानं तपासली, तर बॅटरी ठणठणीत. मग माशी शिंकते कुठं? मला चैनच पडेना. रविवारी डबा घेऊन पेटीपुढं ठाण मांडलं.

सकाळी थ्री फेज, म्हणजे शेतातल्या मोटारींची लाइट, आली. अन् बघते तर काय, लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर! वर पंखा रखडत फिरत होता. बाहेर येऊन कान दिला. अख्ख्या वस्तीच्या विहिरींवरच्या मोटारी एका दमात सुरू झालेल्या. सगळ्यांनी ऑटोवर टाकलेल्या, लाइट आली की आपोआप पाणी. घरं अन् मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. व्होल्टेज इतकं पडायचं की इन्व्हर्टरला वाटायचं लाइट नाहीच. खरी लाइट जाईपर्यंत बॅटरी रिकामी. अगं बाई! मी लाइट गेल्याचा हिशोब केला, आल्याचा केलाच नाही.

"भाऊ, उद्या लाइन तुटली तर कृपाला पोर सोडून पुण्याला जावं लागंल. मोटारी बंद ठेवायला सांगा ना."

"अन् कांदा वाळू देऊ? लई शहानी हायेस!"

राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या रानातली मोटारही ऑटोवरच. मी डबा आवरायला लागले. तेवढ्यात भाऊ आतून स्टॅबिलायझर उचलून आले.

"फ्रीजचा हाय. पडलेलं व्होल्टेज वर घेतो. तुज्या पेटीला पुरंल का बघ."

"अन् फ्रीज?"

"माठ हाय की. त्या लेकराची माय जायला नको."

सोमवारी मोटारी सुरू झाल्या, पंखा रखडला. स्टॅबिलायझर टकटकला अन् बॅटरी चार्ज होत राहिली. दुपारी लाइट गेली. मी जीव मुठीत धरून कृपाच्या दारात बसले. आत तिचं बोलणं चालूच होतं, कुणा गिऱ्हाइकाला ती गोडीनं समजावत होती.

शिफ्ट संपली. कानावरचा हेडफोन काढून तिनं झोपलेल्या नॅथनला उचललं अन् घट्ट धरलं. झोपमोड झाली म्हणून त्यानं भोकाड पसरलं. त्याला गप्प करायचं सोडून ही हसतीये!

"रड रे राजा, रड. मी इथंच हाय."