वहिनींनी बारा वाजवले

वहिनींचा रेडिओ त्यांच्या शिलाईच्या दुकानातल्या ट्रायल रूममधून चालायचा. तिन्ही बाजूंना कापडाचे तागे रचलेले असल्यामुळे तिथे आवाज घुमत नसे, आणि समोर आरसा असल्यामुळे बोलणाऱ्याला आपण कोण लागून गेलो याचा फार वेळ भ्रम राहत नसे. रेडिओचं नाव ‘टाका’. इंटरनेटवर असल्याने तो जगात कुठेही ऐकू येई. ऐकत मात्र दोन गल्ल्या, आणि त्या दोन गल्ल्यांतून परदेशी गेलेली पोरं.

ज्यांना दुसरं कुणी विचारत नाही अशा दुकानांच्या जाहिराती वहिनी करत. किल्लीवाला, गादीवाला, चष्म्याच्या मोडक्या काड्या बसवून देणारे एक गृहस्थ. जाहिरातीत खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम. ‘गादीवाला कापूस चांगला भरतो, पण वेळ पाळत नाही,’ असं त्या मोकळेपणाने सांगत, आणि गिऱ्हाइकं वाचायला काहीतरी घेऊन गादीवाल्याकडे जात. दोन जाहिरातींच्या मध्ये नवे बँड वाजत. सगळ्यांत जास्त वाजे तो वहिनींच्या धाकट्या दिराचा.

भाऊजींचं पहिलं गाणं याच दुकानात रेकॉर्ड झालं होतं. त्या दिवशी पडद्यांचं काम आलेलं, त्यामुळे मशीन थांबवता आलं नाही. गाण्याच्या मागे ते खडखडत राहिलं, आणि वरच्या सुरावर भाऊजींचा आवाज चांगला टरकन फाटला. पुढे आवाज सुधारला, बँडला बरे दिवस आले, आणि एक दिवस मोठ्या रेडिओवरून मुलाखतीचं बोलावणं आलं.

वहिनींनी सगळ्यांना दुकानात ऐकायला बसवलं. मुलाखतीत विचारलं गेलं, की सुरुवातीच्या काळात हात कुणी दिला. भाऊजी म्हणाले, कुणीच नाही, आमचं आम्हीच. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले.

“एक घरगुती रेडिओ होता म्हणा. त्यावर गाण्यापेक्षा शिलाई मशीनच जास्त ऐकू यायचं.”

गादीवाला म्हणाला, बाकी बोलतो छान. किल्लीवाल्याने त्याच्या पायावर पाय दिला. वहिनी कात्री खाली ठेवून ट्रायल रूममध्ये गेल्या. माइकचा लाल दिवा गेले काही दिवस बिघडलेला होता, त्यामुळे माइक चालू आहे हे त्यांना कळलं नाही. पडद्याबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या भावाचे रोज बारा वाजवीन मी.”

नवरा फ्रिज दुरुस्त करणारा. थंडपणा धंद्यातच मुरलेला. तो ‘बरं’ म्हणाला.

‘टाका’ ऐकणारी माणसं सरळ मनाची निघाली. त्यांना वाटलं, वहिनी दिराचा नवा कार्यक्रम जाहीर करतायत, रोज बाराला. चष्मेवाल्याचा लगेच फोन आला, की त्या बाराच्या कार्यक्रमात आपली जाहिरात आधी लागेल की नंतर. वहिनी क्षणभर आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मधोमध लावू.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला भाऊजींचं ते पहिलंवहिलं गाणं लागलं, मशीनसकट. आवाज फाटला तिथे वहिनींनी गाणं थांबवलं. “इथे आवाज फाटलाय. हा शिवून देण्याची सोय आमच्याकडे नाही. बाकी काहीही उसवलेलं आणा, शिवून मिळेल.” मग चष्मेवाला. मग तोच फाटका सूर पुन्हा, नीट ऐकला नसेल त्यांच्यासाठी.

हे रोज चाललं. भाऊजींनी फोन करून विचारलं, की किती ताणायचं. वहिनी म्हणाल्या, मी तर तुमचा प्रचारच करतेय.

पण वहिनींनी पेरला होता सूड, आणि उगवायला लागलं कौतुक. लोकांना तो फाटका सूर आवडायला लागला. कुणी तो फोनच्या घंटीला लावला. परदेशातली पोरं एकमेकांना पाठवू लागली. वहिनींचा स्वयंपाकावरचा ताबा सुटला. एकदा त्यांनी नवऱ्याला मीठच मीठ वाढलं.

आठवडाभरातच मात्र भाऊजींच्या कार्यक्रमातून बातम्या येऊ लागल्या. भाऊजी आता सुरात गात होते आणि लोक ओरडत होते, मशीन कुठंय? ढोलकावर टकटक करून पाहिलं, लोक फसले नाहीत. मुद्दाम आवाज फाडून पाहिला, तर मेहनतीने कमावलेला गळा काही केल्या फाटेना. शेवटी सगळ्यात मोठ्या सभागृहाच्या आयोजकांनी निरोप धाडला, की मशीन आणत असाल तर या, नाहीतर दुसरे बरेच आहेत.

भाऊजी दुकानात येऊन उभे राहिले. वहिनींनी सवयीने मापाची टेप हातात घेतली.

“वहिनी, मशीन हवं होतं. एका दिवसापुरतं.”

“ते माझ्याशिवाय चालत नाही.”

“मग तुम्हीही चला.”

“येते की. माझ्या रेडिओला नावं ठेवलीत, भाऊजी. आता तिथे, सगळ्यांसमोर नाव घ्यायचं.”

भाऊजींनी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

सभागृह गच्च भरलं. रंगमंचावर मधोमध मशीन, नवऱ्याने तेल घालून आणलेलं. भाऊजींनी आयोजकांचे आभार मानले, गुरूंचे मानले, दिवे लावणाऱ्याचेही मानले, आणि वहिनींना खूण केली. गिटार सुरू झाली. मशीन सुरू झालं नाही. वहिनी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवत होत्या. गिटारवाल्याने तेच पुन्हा वाजवलं, मग तिसऱ्यांदा.

भाऊजी वाकून कुजबुजले, “वहिनी, चालू करा ना.”

“नाव राहिलं.”

भाऊजी माइकपाशी गेले. “आमचं पहिलं गाणं टाका रेडिओने लावलं.”

“मागे ऐकू गेलं नाही,” वहिनी दाताने दोरा तोडत म्हणाल्या.

भाऊजींनी मोठ्याने सांगितलं, ट्रायल रूमसकट.

“आणि गादीवाला?”

“गादीवाला कापूस चांगला भरतो.”

“पुढे?”

“वेळ पाळत नाही.”

तेवढ्यात मागचं दार उघडून गादीवाला आत आला. सगळं सभागृह वळून हसायला लागल्यावर त्याने सर्वांना नमस्कार केला.

मग वहिनींनी मशीनचं पायडल दाबलं. त्यांनी शिवायला पडदा आणला होता. सरळ लांब शिवण, अशा शिवणीवर त्यांचं मशीन वाऱ्यासारखं सुटतं. गाणं मुळात संथ होतं. भाऊजी मशीनच्या मागे पळत सुटले, बँड भाऊजींच्या मागे, आणि वरच्या सुरापाशी पोचेपर्यंत भाऊजींना अशी धाप लागली, की आवाज पूर्वी फाटला होता नेमका तिथेच फाटला. लोक उभे राहिले.

गाणं संपलं. आयोजकांनी पडदा पाडायची खूण केली. वहिनींचा पडदा मात्र अजून दोन हात राहिला होता, आणि मशीन काही थांबेना. भाऊजींनी कपाळ पुसलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.